जुना ट्रेलर घेताना आधी ओल शोधा

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे असून गेली सात वर्षे कॅनडातील कॅल्गरीत राहतो. मुले दहा आणि सहा वर्षांची आहेत. सासूबाई दर वर्षी एप्रिलअखेर येतात आणि थंडी सुरू झाली की परततात. आजवर आम्ही तंबूत राहत आलो. परंतु गेल्या मे महिन्यात बॅन्फच्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात रात्रीतून तंबूवर चार बोटे बर्फ साचला आणि तेव्हापासून जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घेण्याचा विचार पक्का झाला आहे. मे ते ऑक्टोबरपर्यंत आणि जमल्यास हिवाळ्यात एक-दोन वेळा बॅन्फमधीलच लेक लुईसला जावे, अशी इच्छा आहे. आमची गाडी सहा सिलिंडरच्या इंजिनाची टोयोटा हायलँडर आहे आणि २५,००० डॉलरपर्यंत खर्च करता येईल. एक २०१४ सालचा, २६ फुटी, भिंत बाहेर सरकणारा ट्रेलर पाहिला. त्याच्या दारावरच्या पट्टीवर कमाल वजन ३,२०० किलो असे आहे आणि बाजूला मोठ्या अक्षरांत ‘फोर सीझन’ लिहिले आहे. विक्रेता म्हणतो की, नळांत हिवाळ्याचे गुलाबी द्रव भरून ठेवले असल्यामुळे आता पाणी सोडून दाखवता येणार नाही आणि वसंत ऋतूत किंमत वाढेल, म्हणून आठवडाभरात निर्णय कळवा. घ्यावा का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. हा ट्रेलर घेऊ नका. त्याचे पहिले कारण थंडीशी संबंधित नाही, ते तुमच्या गाडीशी संबंधित आहे. आणि ते इतके सरळ आहे की बाकीची चर्चा त्यानंतर निवांतपणे करता येईल.

ओढण्याची पूर्ण सज्जता असलेल्या सहा सिलिंडरच्या हायलँडरची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो असते. ३,२०० किलोंचा ट्रेलर तिच्यामागे जोडण्याचा प्रश्नच येत नाही. ‘रिकामा असताना त्याचे वजन बरेच कमी आहे’ असे विक्रेता म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोणी डोंगरात जात नाही. पाणी, गॅसचे दोन सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी, मुलांच्या सायकली आणि सासूबाईंचे पिठांचे डबे असे सगळे चढल्यावर ट्रेलर कमाल वजनाच्या जवळ जातोच. म्हणून जाहिरातीतील रिकाम्या वजनाकडे न पाहता, पट्टीवर जीव्हीडब्ल्यूआर या अक्षरांपुढे जो आकडा असतो, तोच हिशेबात धरावा.

याहून अधिक दुर्लक्षित आकडा तुमच्या स्वतःच्या गाडीत आहे. चालकाचे दार उघडले की खांबावर एक पट्टी दिसते आणि माणसे व सामान मिळून गाडीत किती किलो भार चालेल, हे तिथे लिहिलेले असते. समजा तो आकडा ६०० किलो आहे. दोन मोठी माणसे १५० किलो, सासूबाई ६० आणि मुले मिळून ६०, असे २७० किलो झाले. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार त्याच्या दांड्यातून थेट गाडीवर येतो. १,९०० किलोंच्या ट्रेलरचे १२ टक्के धरले तरी २२८ किलो होतात. जोडणीचे लोखंड ३० किलो. बेरीज ५२८ झाली आणि पाच माणसांच्या सामानासाठी उरले ७२ किलो. तुमच्यासाठी भरलेल्या ट्रेलरची मर्यादा १,९०० किलोंच्या आसपास आहे, असे मी म्हणतो ते यावरूनच. लांबीच्या भाषेत हा १७ ते १९ फुटी, एका आसाचा ट्रेलर होतो. कॅल्गरीहून बॅन्फकडे जाताना मॉर्लीच्या मोकळ्या पट्ट्यात शिनूकचे, म्हणजे डोंगरांवरून उतरणारे उबदार, आडवे वारे लागतात, तेव्हा मागून डोलणारा जड ट्रेलर गाडीला कसा हिसके देतो, हे एकदा अनुभवले की माणूस पुन्हा आकड्यांशी हुज्जत घालत नाही.

आता थंडी. ‘फोर सीझन’ हे शब्द लिहिण्यासाठी कायद्याने ठरवलेली कोणतीही कसोटी नाही. ते उत्पादकाचे स्वतःचे वर्णन आहे आणि त्याचा अर्थ प्रत्येक कारखान्यात वेगळा होतो. त्यातच तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या थंड्या एकत्र आल्या आहेत. मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये बॅन्फला रात्री पारा शून्याखाली पाच-सात अंश जातो आणि दिवसा वर येतो. ही थंडी चांगल्या अवस्थेतील कोणताही साधा ट्रेलर सोसतो, कारण एका रात्रीत नळ्या पूर्ण गोठायच्या आत सकाळ होते आणि फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवणारी भट्टी, चालू असतेच. जानेवारीतील लेक लुईस ही वेगळी गोष्ट आहे. तिथे उणे २० च्या खालची रात्र नवलाची नाही आणि दिवसाही सुटका नसते. बॅन्फचा टनेल माउंटन व्हिलेज दोन आणि लेक लुईसचा पक्क्या भिंतींच्या ट्रेलरांसाठीचा तळ हे दोन्ही विजेच्या जोडणीसह हिवाळ्यात उघडे असतात. पण त्या एक-दोन सहलींसाठी कडाक्याच्या थंडीचा खास महागडा ट्रेलर घेण्यापेक्षा, साधा आणि सुका ट्रेलर घेऊन हिवाळ्यात त्याची पाण्याची व्यवस्था बंद ठेवावी, असे माझे मत आहे. नळ्या रिकाम्या, पिण्याचे पाणी २० लिटरच्या दोन कॅनमध्ये, आणि शौचालय तळावरचे. मुलांना यातच अधिक मजा वाटते. सासूबाई तेव्हा साताऱ्यातच असतील.

‘सुका’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. थंड प्रदेशात ट्रेलर घेणारे आपण सगळे ऊब किती मिळेल हे विचारतो, आणि ट्रेलर मरतो तो ओलीमुळे. बहुतेक ट्रेलर लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्यावर पातळ पत्रा किंवा फायबरग्लासचा तक्ता चढवून केलेले असतात, आणि छपरावर रबराचा पडदा ताणून त्याच्या कडा, झरोके व पाइप यांच्याभोवती सीलंट भरलेले असते. हे सीलंट उन्हाने वाळते आणि त्याला केसाएवढ्या चिरा जातात. त्या चिरेत शिरलेले पाणी गोठले की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते आणि चीर रुंद करते. वितळते, आणखी आत झिरपते आणि पुन्हा गोठते. कॅल्गरीत तर शिनूक सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी वर जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा कोसळतो, त्यामुळे हे चक्र एका हिवाळ्यात अनेकदा फिरते. वरून ट्रेलर नवा दिसतो, आत लाकूड कुजत असते.

मी स्वतः पहिला ट्रेलर घेतला तेव्हा याच ठिकाणी फसलो. पडदे धुतलेले, ओट्यावर प्लास्टिकची फुले, लिंबाच्या सुगंधाची फवारणी. त्या सुगंधाचेच मला कौतुक वाटले. दीड महिन्याने मुलाचा हरवलेला मोजा शोधण्यासाठी पलंगाखालची फळी उचलली, तर कोपऱ्यातील प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बोटांत आला आणि मागे काळ्या बुरशीचा पट्टा थेट खिडकीपर्यंत चढलेला दिसला. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर आम्ही तो ट्रेलर सुट्या भागांसाठी देऊन टाकला. ज्या ट्रेलरला अतिशय छान वास येतो, त्याच्या पलंगाखाली मी आता सर्वांत आधी हात घालतो.

तेव्हा पाहायला जाताना दिवसा जा आणि विजेरी, शिडी व गुडघ्यांखाली घ्यायला एक जुनी चादर बरोबर ठेवा. छपरावर चढण्याची परवानगी मिळाली नाही, तर शिडीवरून तरी कडा नीट पाहा. जिथे जुन्या सीलंटवर नव्याचे थर घाईघाईने फासलेले दिसतात, तिथे गळती होऊन गेली आहे असे समजावे. मग बाहेरच्या भिंतीच्या एका टोकाला उभे राहून, गाल जवळजवळ भिंतीला टेकवून दुसऱ्या टोकाकडे पाहा. तिरक्या उजेडात फुगवटे किंवा लाटा दिसल्या, तर आतील थर पाण्याने सुटला आहे, आणि हे दुरुस्त करणे बहुधा परवडत नाही. आत गेल्यावर वरच्या कपाटांचे मागचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि पलंगाखालचे खण रिकामे करवून बघा. दारापाशी, शौचालयाच्या बुडाशी आणि सरकत्या भिंतीच्या कोपऱ्यांत टाचेने जोर द्या. जमीन दबली की तिथेच पाहणी संपवली तरी चालेल.

लाकडातील ओल मोजणारे दोन सुयांचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ते घ्याच. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर लाकूड सुके आहे, २० च्या वर गेला तर पाणी येते आहे. मात्र यात एक मेख आहे, आणि तुमच्या विक्रेत्याच्या घाईशी तिचा थेट संबंध आहे. हे यंत्र लाकडातून वीज किती सहज वाहते यावरून ओल ठरवते आणि बर्फातून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यामुळे उणे दहा अंशांत भिजून गोठलेली फळीसुद्धा या यंत्राला सुकी वाटते. दबणारी जमीनही गोठली की दगडासारखी लागते. हिवाळ्यात ट्रेलर पाहायचाच असेल, तर विक्रेत्याला आदल्या दिवसापासून आत हीटर लावून ठेवायला सांगा. त्याला ते जड वाटत असेल, तर आपल्यालाही घाई नाही.

गळणाऱ्या सांध्यांचा त्रास सर्वांत कमी ज्यांना असतो, ते फायबरग्लासच्या दोन कवचांचे, अंड्यासारखे ट्रेलर. कॅनडात या जातीची सुरुवात १९६८ साली विनिपेगच्या बोलरपासून झाली. वरचे कवच आणि खालचे कवच कमरेपाशी जोडलेले असते, छपराला सांधा नसतो, म्हणून पन्नास वर्षांचे बोलर आजही रस्त्यावर दिसतात. १३ फुटी बोलर पाच जणांना पुरणार नाही; परंतु ब्रिटिश कोलंबियात चिलिवॅक येथे तयार होणारे एस्केप आणि आर्मस्ट्राँगचे बिगफूट याच जातीचे आहेत, आणि बिगफूटची जाड इन्सुलेशनबद्दल ख्याती आहे. ते जुने असूनही महाग असतात आणि जाहिरात आली की दोन दिवसांत जातात. तुमच्या वजनात बसणारा मिळाला तर वयाकडे फार पाहू नका. झरोके आणि खिडक्यांभोवती तेही गळतात, एवढे ध्यानात असू द्या.

वजनाचा विचार करताना आणखी एक मोह होईल. दोन्ही टोकांना कापडी पलंग उघडणारे ट्रेलर हलके असतात, पाच जणांना ऐसपैस झोपवतात आणि तुमच्या गाडीला सहज ओढता येतात. पण कापडाआड ऊब टिकत नाही. शिवाय लेक लुईसच्या पक्क्या भिंतींच्या तळावर अस्वलांच्या वावरामुळे कापडी भाग असलेल्या वाहनांना प्रवेशच नाही. कापडवाल्यांसाठी तिथे विजेच्या कुंपणातील वेगळा तळ आहे. ज्या जागेसाठी तुम्ही ट्रेलर घेत आहात, तिथेच तो चालणार नाही.

सरकत्या भिंतीबद्दल माझा कल स्पष्ट आहे: थंडीसाठी ती नसलेलीच बरी. तिच्याभोवतीचे रबर कडाक्यात ताठ होते, ती आत घेताना वर साचलेला बर्फ अडकतो, आणि तिची जमीन खालून उघडी असल्यामुळे पाय गारठतात. उन्हाळ्यात तिच्यामुळे मिळणारी जागा सुखाची असते, हे मान्य करूनही.

पाण्याच्या नळ्यांकडे येऊ. ते गुलाबी द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकोल. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी इथिलीन ग्लायकोल वेगळे, आणि त्याला पिण्याच्या नळ्यांत जागा नाही. द्रव भरले आहे हे चांगलेच आहे, पण ते गोठण्याआधी भरले की नंतर, हे पाणी सोडल्याशिवाय कळत नाही. एका रात्रीच्या विसराळूपणाने पंपाची जाळी, शौचालयाची झडप किंवा बाहेरच्या शॉवरचा नळ तडकतो आणि वसंत ऋतूपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही. त्यामुळे हिवाळ्यात सौदा करायचा झाला, तर किमतीतील ठरावीक रक्कम मे महिन्यातील पाण्याच्या चाचणीपर्यंत राखून ठेवण्याचे लेखी ठरवावे. चाचणी सोपी आहे. टाकी भरा, सगळे नळ बंद करा आणि पंप चालू करा. नळ्यांत दाब आला की तो काही सेकंदांत गप्प होतो. मग दहा मिनिटे बोलत बसा. कोणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच घरघरला, तर कुठेतरी पाणी निसटते आहे.

‘बंदिस्त आणि गरम पोट’ असेही जाहिरातीत लिहिलेले असते. खाली नुसता प्लास्टिकचा तक्ता ठोकला म्हणजे पोट गरम होत नाही. फर्नेसच्या गरम हवेची एक नळी प्रत्यक्ष टाक्यांपर्यंत गेली आहे का आणि सांडपाण्याच्या झडपा आत आहेत की बाहेर उघड्यावर, हे वाकून बघावे लागते. इथे अनेकांची एक चूक होते. तळावर वीज मिळते म्हणून लोक आत १,५०० वॉटचा हीटर लावतात. खोली उबदार होते, थर्मोस्टॅटला वाटते की काम झाले, फर्नेस बंद राहते, आणि गरम हवा न मिळाल्याने पोटातील नळ्या गोठतात. आत शर्टवर बसलेले असताना नळाचे पाणी बंद होते, त्यामागे हे कारण असते.

फर्नेस तुमच्यासमोर अर्धा तास चालवून पाहा. आधी पंखा फिरतो, काही क्षणांनी ज्योत पेटल्याचा आवाज येतो आणि मग हवा गरम होते. पंखा फिरत राहून हवा थंडच आली, किंवा बाहेरच्या धुराड्याशी काजळी दिसली, तर तंत्रज्ञ लागेल. आपल्याकडच्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेनचे प्रमाण मोठे असते आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच वायुरूप होणे थांबवतो. इथला प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो, त्यामुळे सिलिंडर ‘गोठण्याची’ भीती तितकीशी नाही. भीती आहे ती संपण्याची. २० पौंडांच्या, म्हणजे ९ किलोंच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता असते. तासाला २०,००० बीटीयू वापरणारी फर्नेस सलग चालली तर तो जेमतेम २१ तास पुरतो. म्हणून दोन सिलिंडरांची सोय असलेलाच ट्रेलर घ्या. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो, हेही विसरले जाते. त्याला पाच अँपिअर लागत असतील आणि लांब रात्रीत तो एकूण सात तास फिरला, तर ३५ अँपिअर-तास गेले; १०० च्या साध्या बॅटरीतून सुरक्षितपणे मिळतात ५०, आणि थंडीत त्याहून कमी. छपरावरच्या सौर तक्त्यावर डिसेंबरमध्ये विसंबू नका. त्या दिवसांत कॅल्गरीत दिवस आठ तासांचाही नसतो. हिवाळ्यात विजेची जोडणी असलेल्या जागीच जा.

कार्बन मोनॉक्साइडचा आणि प्रोपेनगळतीचा असे दोन इशारायंत्र आत असतात. त्यांच्या पाठीवर मुदत छापलेली असते आणि २०१४ सालच्या ट्रेलरात ती बहुधा उलटलेली असेल. विकत घेतल्याच्या दिवशीच दोन्ही बदला. शेगडी पेटवून खोली गरम करण्याचा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. त्यातून विषारी वायूचा धोका असतोच, शिवाय वाफही सुटते.

ही वाफ आपल्या मराठी स्वयंपाकाच्या बाबतीत जास्तच मनावर घ्यायला हवी. एवढ्याशा जागेत कुकरच्या चार शिट्ट्या, भाजीवरची वाफ आणि रात्रभर चार-पाच जणांचा श्वास, हे सारे पाणी गार भिंतीवर आणि खिडकीवर जमते. कुकर सोडा असे मी म्हणणार नाही. लेक लुईस १,५०० मीटरहून उंच आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या सुमारास उकळते आणि कुकरविना तूरडाळ तासभर शिजत राहील. पण कुकर लावताना छतावरचा झरोका उघडून पंखा चालू ठेवा आणि रात्रीही तो झरोका दोन बोटे उघडा असू द्या. ऊब थोडी जाते, जाऊ द्यावी. फोडणीचा वास मात्र पडद्यांत वर्षभर राहतो आणि पुढे ट्रेलर विकताना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून आम्ही फोडणी घरूनच बरणीत करून नेतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. ट्रेलरवरचा क्रमांक विक्रीपत्राशी जुळवा आणि अल्बर्टातील कोणत्याही रजिस्ट्री एजंटकडे त्या क्रमांकावर कर्जाचा बोजा आहे का, याचा शोध घ्या. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजत नाही, उभ्या-उभ्या म्हातारा होतो, म्हणून सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही ठळक असली तरी बदलायचेच, असे धरून भाव करा. २५,००० पैकी तीनेक हजार टायर, बॅटरी, बेअरिंग आणि सीलंटसाठी बाजूला ठेवले की बाकीची रक्कम ही तुमची खरी मर्यादा.

वसंत ऋतूत किमती चढतात, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. मात्र त्या उतरतात सप्टेंबरअखेर, जेव्हा आणखी एक हिवाळा ट्रेलर सांभाळण्याचा आणि जागेचे भाडे भरण्याचा मालकांना कंटाळा आलेला असतो, आणि तेव्हा पाणी सोडून दाखवायलाही कोणाची हरकत नसते. येता उन्हाळा भाड्याच्या लहान ट्रेलरमध्ये दोन शनिवार-रविवार काढा. पाच जणांत खालचा पलंग सासूबाईंना दिल्यावर तुम्ही दोघे कुठे झोपता, हे त्यातून आपोआप ठरेल.

आणि सप्टेंबरमध्ये ट्रेलर दारात आला की पहिल्या गोठणाऱ्या रात्री तो घेऊन कुठेही जाऊ नका. घरासमोरच, नेहमीसारखा आत स्वयंपाक करून, सगळ्यांनी त्यात झोपा. काही बिघडलेच तर घर दहा पावलांवर आहे. सकाळी चहा ठेवण्याआधी प्रत्येक गादी भिंतीच्या बाजूने उचला आणि खालची फळी हाताने चाचपून पाहा.